उसनं दिलेलं टेबल

त्या घरात सकाळचा चहा एका घडीच्या टेबलावर व्हायचा. टेबल घेतलं होतं ते तात्पुरतं म्हणून, आणि त्यालाही आता जमाना लोटला होता. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. ती घडी दबली की नवी करून सरकवणं हे वहिनींच्या यजमानांचं निवृत्तीनंतरचं आवडतं काम. कप ठेवला की टेबल आधी मान डोलवायचं, मग विचार करून स्थिर व्हायचं.

"आपलं टेबल कधी येणार परत?" यजमानांनी बशीत सांडलेला चहा कपात ओतत विचारलं.

"येईल हो. पंधरा दिवसांसाठी तर दिलंय," वहिनी ओट्यावरून म्हणाल्या.

हा प्रश्न आणि हे उत्तर त्या घरात इतकी वर्षं चाललं होतं, की त्यांची नात लहानपणी सुट्टीत आली की त्याला सकाळची प्रार्थना समजायची.

वहिनी किटलीच्या तळाला बसलेला क्षार खरवडत होत्या. यजमान पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू आपणच दुरुस्त करणार असा त्यांचा हट्ट. दारावरची घंटा त्यांनी आदल्याच दिवशी दुरुस्त केली होती, म्हणजे ती आता वाजत नव्हती. म्हणूनच आलेल्या माणसाने दारावर टकटक केली.

दारात खांद्याला पिशवी अडकवलेली तिशीतली एक बाई उभी होती. म्हणाली, "वहिनी तुम्हीच ना? मला ऑफिसातून पाठवलंय. मी फंडाचा इतिहास लिहितेय. पुस्तक निघणार आहे, नवी इमारत सुरू होईल त्या दिवशी."

"आत या," वहिनी म्हणाल्या. "त्या टेबलावर जोर देऊ नका फक्त."

आता वहिनींविषयी. खऱ्या नात्याने त्या एकाच माणसाच्या वहिनी, त्यांच्या धाकट्या दिराच्या. पण या दिराने जी गुंतवणुकीची संस्था काढली, तिच्यात हिशेबनिसापासून लिफ्टवाल्यापर्यंत आणि फोनवरच्या दलालापासून मोठमोठ्या गुंतवणूकदारांपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. रोजचे सौदे ठरल्याप्रमाणे पार पडले की नाही हे बघणारं अख्खं खातं त्या निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हाताखाली होतं. दिराची मुलगी, म्हणजे त्यांची पुतणी, घरी त्यांना 'काकू, तू' म्हणायची. तीच पुतणी ऑफिसात कामाला लागली तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाली, "वहिनी, तुम्ही सांगाल तिथे बसते." आज तीच संस्थेची प्रमुख होती.

इतिहासवाली (हे नाव यजमानांनी ठेवलं, आणि तिला ते आवडलंही) चहाचा घोट घेऊन मुद्द्यावर आली. "ते जुनं जेवणाचं टेबल आहे ना, ज्याच्यावर फंड सुरू झाला, ते नव्या इमारतीत अगदी दर्शनी जागी ठेवायचंय. काचेच्या मोठ्या पेटीत. वरून दिवा, खाली पितळी पाटी. पण वकीलसाहेब म्हणाले, हे टेबल संस्थेचं नाहीच. ते तुमच्याकडून उसनं आणलेलं आहे. तेव्हा तुमची परवानगी पाहिजे."

यजमानांनी चष्मा कपाळावर चढवला. "बघ. वकिलाला कळलं. घरच्यांना कळायला इतकी वर्षं लागली."

"तुम्ही थांबा हो," वहिनी म्हणाल्या. मग इतिहासवालीकडे वळून, "परवानगीचं बघू. आधी तुम्ही काय लिहिलंय ते सांगा."

"पहिला सौदा त्या टेबलावर झाला, एवढंच मला माहीत आहे."

"मग तुम्हाला काहीच माहीत नाही," वहिनी हसून म्हणाल्या, आणि किटली पुन्हा गॅसवर ठेवली.

*

टेबल चांगलं दणकट होतं. आठ माणसं आरामात बसावीत एवढं. एका कोपऱ्यात गरम पातेल्याचा गोल डाग. दुसऱ्या कोपऱ्याच्या खालच्या बाजूला मुलीने कंपासच्या टोकाने कोरलेलं मांजर. त्या मांजरापायी तिने मारही खाल्ला होता. याच टेबलाशी एका रविवारी दीर, म्हणजे वहिनींचे भावजी, येऊन बसले आणि बँकेतली नोकरी सोडल्याचं सांगितलं.

यजमान म्हणाले, "सोडलीस? आणि आता काय, भजन करणार?"

"हेज फंड काढणार."

हेज म्हणजे कुंपण एवढं वहिनींना ठाऊक होतं. लग्नाआधी त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या, तेव्हा शेअरबाजार हा शब्दही त्यांना नवा नव्हता. पण कुंपणाचा धंदा कसा करतात ते काही कळेना. भावजींनी दोन कप पुढे ओढले.

"वहिनी, हे दोन चपलांचे कारखाने धरा. हा चांगला चाललेला, हा डळमळीत. चांगल्याचे शेअर मी विकत घेणार. डळमळीतचे कुणाकडून तरी उसने घेणार आणि विकून टाकणार. पुढे भाव पडला की स्वस्तात परत घेऊन ज्याचे त्याला देऊन टाकणार. आता बाजार वर गेला, तर चांगला कारखाना जास्त चढेल. खाली गेला, तर डळमळीत जास्त आपटेल. कसंही झालं तरी एक बाजू दुसरीला सांभाळते. लोकांचे पैसे असे कुंपणात ठेवायचे."

उसनं हा शब्द ऐकला की वहिनींचे कान टवकारत. शेजारची साखरेची वाटी त्या कधी रिकामी परत करत नसत. त्यांनी दोन्ही कपांकडे पाहिलं.

"आणि फसलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे डळमळीतच चढला आणि चांगलाच आपटला तर? उसने तर परत द्यावेच लागणार."

"तर मार खाऊ."

"किती?"

भावजींनी दोन्ही कप मागे सारले. ते चहा अर्धा टाकून गेले. यजमान म्हणाले, "तू त्याच्या उत्साहावर पाणी ओतलंस." पण पुढच्या रविवारी भावजी पुन्हा आले ते उत्तर घेऊनच. कुठल्या एका गोष्टीवर जास्तीत जास्त किती लावायचं आणि किती फटका बसला की मुकाट्याने बाहेर पडायचं, हे त्यांनी ठरवून आणलं होतं. वर म्हणाले, "वहिनी, हा प्रश्न विचारायला मला रोज कुणीतरी पाहिजे. तुम्ही या ना ऑफिसात."

"ऑफिस कुठाय?"

"तेवढंच नाहीये," भावजी म्हणाले. "आणि टेबल. पंधरा दिवसांसाठी तुमचं हे टेबल दिलंत तर..."

असं ते टेबल चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेलं. जिन्यातून चढवताना ते आडवं अडकलं, आणि यजमानांनी एक पाय काढून पुन्हा बसवला. तो पाय आजही बाकीच्या तिघांपेक्षा ताठ उभा आहे, असं ते सांगतात. त्याच संध्याकाळी घरी घडीचं टेबल आलं.

*

फंड चालू लागला. पहिले गुंतवणूकदार म्हणजे भावजींचे दातांचे डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि दोन बसगाड्यांच्या मालकीणबाई. सकाळी टेबलावर टेलिफोन आणि कागद, दुपारी डबे, पुन्हा कागद. माणसं वाढली तशी भावजींनी वरचा मजलाही घेतला. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. शेअर विकत घेणारे खाली बसवायचे आणि उसने घेऊन विकणारे वर. एकाच्या गोड बोलण्याने दुसरा भुलायला नको. कल्पना वाईट नव्हती. दोन्हीकडचे दलालही वेगळे ठेवले.

खाली एक तरुण होता. त्याला कुठलीही कंपनी आवडली की तो फुगायचा. वहिनींनी त्याचं नाव फुगा ठेवलं. वरच्या मजल्यावरचा त्याच्याच वयाचा दुसरा प्रत्येकात खोट काढायचा. तो कात्री. दोघेही हुशार आणि कामाला वाघ, पण एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बघायची गरजच उरली नव्हती.

त्याच सुमारास वहिनींच्या मुलीचे दिवस भरत आले. वहिनी लांबच्या गावी तिच्याकडे गेल्या आणि बाळ मान धरेपर्यंत राहिल्या. परतल्यावर ऑफिसात पाऊल टाकलं तर टेबलाची रया गेलेली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, टेलिफोनच्या वायरी, कुणाची तरी छत्री. जो तो आपल्या खुर्चीत बसून, भिंतीकडे तोंड करून डबा खात होता.

"घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ते हे," वहिनी म्हणाल्या. पदर खोचला, टेबल रिकामं केलं, पुसलं, आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन घरात हाक मारतात तशी हाक मारली, "जेवायला या."

वरचे खाली आले. भावजीही आले. बाळाचं नाक कुणावर गेलंय ते झालं. मग वहिनींनी सहज विचारलं, "माझ्यामागे काय काय घेतलंत?"

फुगा वाटच बघत होता. "वहिनी, फ्रिज बनवणारी ती कंपनी आहे ना, सोनं आहे सोनं. रोज घेतोय. गंमत म्हणजे कुणीतरी मूर्ख रोज विकतोच आहे, म्हणून भाव वाढत नाही. नाहीतर कुठल्या कुठे गेला असता."

कात्रीचा घास हातातच राहिला. "कुठली फ्रिजवाली?"

फुग्याने नाव सांगितलं.

"ती तर मी विकतोय," कात्री म्हणाला. "रोज. आणि कुणीतरी मूर्ख घेतोय, म्हणून भाव पडत नाही."

एकाच संस्थेचे दोन मजले एकमेकांशी पैज लावून बसले होते, आणि दोन्हीकडचे दलाल आपापली दलाली खात होते. सगळ्यांच्या माना हळूहळू हिशेबनिसाकडे वळल्या. दोन्हीकडच्या नोंदी त्याच्याकडेच यायच्या.

"मला दिसत होतं," हिशेबनीस शांतपणे म्हणाला. "मला वाटलं, हेजिंग म्हणतात ते हेच."

बसगाड्यांच्या मालकीणबाईंना पुढे हा किस्सा सांगितला तेव्हा त्या हसून हसून खोकल्या होत्या. पण त्या दुपारी कुणी हसलं नाही. भावजींचा चेहरा कागदासारखा झाला. नुकसान डोंगराएवढं नव्हतं, पण लोकांचे पैसे गळक्या नळासारखे ठिबकून गेले होते. आणि त्याहून मोठी होती ती लाज. कुंपण घालणाऱ्याने स्वतःच्याच अंगणात दोन कुंपणं समोरासमोर घातली होती.

भावजींनी उठून दार लावलं. "हे या टेबलावरच राहील. अळीमिळी गुपचिळी. उद्यापासून सगळं दुरुस्त करू. बाहेर कळायचं कारण नाही."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "टेबल माझं आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"माझ्या टेबलावर लपवाछपवी व्हायची नाही. ज्यांचे पैसे आहेत त्यांना सांगा."

"लोक हसतील, वहिनी."

"हसू देत. हसणारा माणूस पैसे काढून नेत नाही. संशय आलेला नेतो."

भावजी दोन दिवस वहिनींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या गुंतवणूकदारांना चहाला बोलावलं. त्याच टेबलाशी बसवलं, स्वतः उभे राहिले, आणि काय झालं ते फ्रिजपासून हिशेबनिसापर्यंत सांगून टाकलं. जे वाया गेलं ते माझ्या खिशातून भरून देतो, म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "मी एकदा एका बाईचा चांगला दात काढलाय. पण तिला ते त्याच दिवशी सांगितलं होतं. अजून माझ्याकडेच येते." त्यांनी पैसे ठेवले. मालकीणबाईंनी ठेवले. मुख्याध्यापकांनी मात्र नमस्कार करून काढून घेतले. दोनेक वर्षांनी ते परत आले ते मेहुण्याला बरोबर घेऊन.

त्या दिवसापासून ऑफिसात एक रीत पडली. दुपारी सगळ्यांनी एका टेबलाशी जेवायचं. ज्याला काही नवं घ्यायचं किंवा विकायचं असेल त्याने ते जेवणाआधी सगळ्यांसमोर सांगायचं. त्याच्या डावीकडे जो बसला असेल त्याने विचारायचं, "आणि फसलं तर?" पटेल असं उत्तर मिळेपर्यंत सांगणाऱ्याने डबा उघडायचा नाही.

या शेवटच्या कलमामुळे लांबलचक बोलणारे फार लवकर सुधारले. फुगा तर भुकेला कच्चा. तो घरूनच उत्तर पाठ करून यायचा.

आणि नियम म्हणजे नियम. एकदा बाजार असा उधळला होता, की रिक्षावाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो तो शेअरचे भाव सांगत होता. भावजींना वाटलं, आता हात आखडता घेण्यात शहाणपणा नाही. कर्ज काढून सगळंच दुप्पट करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी टेबलावर ते सांगितलं. डावीकडे टेलिफोनवर बसणारी मुलगी होती, लागून महिनाही झाला नव्हता. ती घाबरत म्हणाली, "आणि फसलं तर? म्हणजे घेतलेलं, विकलेलं, सगळंच एकदम उलटलं तर?"

"असं होत नाही," भावजी म्हणाले.

"हे उत्तर नाही," वहिनी म्हणाल्या. "डबा ठेवा खाली."

मालकाचा डबा त्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत बंद होता. भावजी चिडले, खोलीत येरझाऱ्या घातल्या, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले. चहाच्या वेळी बाहेर आले आणि म्हणाले, "उत्तर नाहीये माझ्याकडे. कर्ज नको. उलट आहे त्यातलंही कमी करू." मग डबा उघडून ते थंड जेवले. तेव्हा वहिनींना आपल्या या दिराचा जो अभिमान वाटला, तो पुढे वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला तेव्हाही वाटला नाही.

काही महिन्यांनी बाजार कोसळला. चांगलं म्हणून घेतलेलं जास्त आपटलं, डळमळीत म्हणून विकलेलं कमी. सगळंच उलटलं, त्या मुलीने विचारलं होतं अगदी तसंच. त्याच रस्त्यावरची मोठमोठी ऑफिसं बंद झाली. टाय लावलेली माणसं खोकी आणि कुंड्या घेऊन फुटपाथवर उभी होती. समोरच्या इमारतीतल्या एका फंडाने दारावर चिठ्ठी लावली की पैसे तूर्त परत मिळणार नाहीत. इकडे चष्म्याच्या दुकानावर टेलिफोन सतत वाजत होता. प्रत्येक फोन उचलला गेला. ज्याने पैसे मागितले त्याला ते दिले गेले. फटका त्यांनाही बसला, नाही असं नाही, पण पाय जमिनीवर राहिले. आणि दुपारी वहिनींनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन रोजच्यासारखी हाक मारली, "जेवायला या."

फुगा नंतर सांगायचा, "ती हाक ऐकली आणि वाटलं, आपण बुडत नाही."

तिथून संस्था वाढली ती वाढलीच. चष्म्याचं दुकान सुटलं, मोठी जागा आली, परदेशातून माणसं पैसे ठेवायला येऊ लागली. त्यांनाही टेबलाशी बसवून डबा न उघडण्याचा नियम सांगितला जायचा. भावजी जाऊन आता काही वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात वहिनी भेटायला गेल्या, तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, टेबल परत करायचं राहिलं." वहिनी म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले कुठे अजून?"

*

इतिहासवालीचा चहा गार झाला होता. "यातलं मला कुणीच सांगितलं नाही," ती म्हणाली. "फ्रिजचं तर नाहीच."

"ते घाला पुस्तकात. ठळक घाला," वहिनी म्हणाल्या. "आमच्याइतकी मोठी चूक करून ती स्वतःहून सांगणारे त्या रस्त्यावर दुसरे कुणी नव्हते. बरं, आता जेवायला कोण कोण असतं टेबलावर? मी दोन वर्षांत फिरकले नाही, गुडघ्यांमुळे."

इतिहासवालीने पिशवीचा पट्टा चाळवला. "आता... कुणी नाही. माणसं फार वाढली ना. सगळे आपापल्या जागेवरच खातात, स्क्रीनसमोर. टेबल गुंडाळून ठेवलंय."

वहिनींनी बोटाने घडीच्या टेबलाचा कोपरा दाबला. ते डोललं.

"मग आमचं आम्हाला देऊन टाका," यजमान म्हणाले. "आम्ही जेवतो त्यावर."

"उद्या दुपारी मी येते," वहिनी इतिहासवालीला म्हणाल्या. "टेबल बघायला. माझ्या पुतणीला सांगा."

दुसऱ्या दिवशी निघताना यजमानांनी रिक्षा दारापर्यंत बोलावली आणि हळूच म्हणाले, "हे बघ, टेम्पो लागला तर फोन कर. मी पाय काढायचे पाने बॅगेत भरून ठेवलेत."

"बघते," वहिनी म्हणाल्या.

ऑफिसात दारावरचा माणूस नवा होता. कोण पाहिजे, म्हणाला. "टेबल पाहिजे," वहिनी म्हणाल्या, आणि तो विचारात पडलेला असतानाच आत गेल्या. लांबच लांब दालनात रांगांनी माणसं बसली होती. जेवायची वेळ होती. एका हातात चमचा, दुसरा हात माऊसवर, डोळे समोर. कुणी वाईट नव्हतं, आळशी तर मुळीच नव्हतं. पण दालनात आवाज होता तो फक्त यंत्रांच्या गार हवेचा. वहिनींना चष्म्याच्या दुकानावरच्या खोल्यांची, भिंतीकडे तोंड करून खाणाऱ्या पाठींची आठवण झाली.

टेबल टोकाच्या खोलीत होतं, फुगे असलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. वहिनींनी कोपऱ्याशी नख घालून ते फाडलं आणि खालून हात फिरवला. मांजर जागेवर होतं.

"वहिनी, तुम्ही स्वतः कशाला आलात? मी आले असते घरी." पुतणी दारात उभी होती. बापासारखीच उंच, बापासारखीच घाईत. तिने काचेच्या पेटीचं चित्र टेबलावर पसरलं. पेटी खरंच सुंदर होती. पितळी पाटीवर भावजींचं नाव, आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'वहिनी'.

खोटं कशाला बोला, वहिनींचा ऊर भरून आला. आपलं नाव दारातच, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल असं कोरलेलं कुणाला नको असतं? त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"छान आहे. तुझ्या बाबांना आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि जेवणाचं काय?"

"जेवणाचं?" पुतणी हसली. "वहिनी, आता फ्रिजसारखं होणं शक्यच नाही. दोन बाजूंनी तीच कंपनी आली तर स्क्रीन लाल होते. लगेच."

"हो? हे फार बरं झालं. आमच्या वेळी असती तर हिशेबनिसाची अब्रू वाचली असती." वहिनी खुर्ची ओढून बसल्या. "आणि 'फसलं तर' कोण विचारतं?"

"त्याचंही गणित असतं. रोज सकाळी निघतं."

पुतणी बोलत होती तेवढ्यात फुगा आत आला. केस पांढरे, पोट पुढे, संस्थेतला आता सगळ्यात जुना माणूस. वहिनी आल्याचं कळून डबा हातात घेऊन तसाच उठून आला होता. सवयीने खुर्ची ओढली, डबा समोर ठेवला, आणि झाकणावर हात ठेवून थांबला.

"उघडू का, वहिनी?"

"काही घ्यायचंय?"

"नाही. भूक लागलीय."

"मग उघड."

त्याच्या मागोमाग एक मुलगी दाराशी आली होती, हातात डबा, काय चाललंय ते बघत. वहिनींनी तिला खुणेने आत बोलावलं. "ही कोण रे?"

फुग्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने फुग्याकडे. "ही... आपल्याकडेच असते," फुगा म्हणाला.

"मी विकणाऱ्यांच्या बाजूला आहे," मुलगी म्हणाली. "तुमच्या मागच्याच रांगेत. दीड वर्ष झालं."

फुग्याचा हात डब्यावरच राहिला. पुतणी खिडकीकडे वळली. तिने काचेच्या पेटीच्या चित्राची गुंडाळी केली, पुन्हा उलगडली. मग खुर्ची घेऊन वहिनींच्या शेजारी, डावीकडे बसली.

"काकू," ती म्हणाली. ऑफिसात हा शब्द तिने कधी वापरला नव्हता. "आता एवढी माणसं झालीत, की सगळी एका टेबलाशी मावायची नाहीत गं. तूच सांग काय करू. परत हवंय का तुला? घरी पाठवू? काका कधीचे मागताहेत."

वहिनींना घडीचं टेबल आठवलं, त्याचा पुठ्ठा आठवला, आणि पाने बॅगेत भरून फोनची वाट बघत बसलेला घरातला माणूस आठवला. त्याला आणखी थोडी वर्षं मान डोलवणारा चहा प्यावा लागणार होता. तो कुरकुर करील, आणि मग शेजारपाजारी सांगत सुटेल, की टेबलाचा तो सरळ पाय मीच बसवलेला आहे.

"नको," वहिनी म्हणाल्या. "माझं टेबल उसनंच राहू दे तुमच्याकडे. पाटी लावायची तर भिंतीवर लाव. माझं एकच मागणं आहे. याला काचेत ठेवू नका. दुपारी त्याच्यावर जेवा. सगळे मावत नसतील तर पाळीपाळीने, पण घेणारे आणि विकणारे एकत्र जेवा."